फोटोत न मावणारा माळ

सोलापूरच्या माळाचा फोटो चांगला येत नाही. डोंगराचा येतो, धबधब्याचा येतो, कोकणातल्या कुठल्याही वळणाचा येतो. माळाचा काढला की खाली पिवळं, वर पांढरट आभाळ, मधे एखादा हिवर नाहीतर बाभूळ, झालं. ज्याला दाखवाल तो विचारतो, "यात काय बघायचं?" जंगल तोडायचं म्हटलं की शहरात माणसं फलक घेऊन उभी राहतात. माळ खणायचा म्हटलं तर तिथं काहीतरी आहे इथपासून सुरुवात करावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात आजोळच्या गावी हे काम अंगावर आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि दोन्ही बाजूंना माझीच माणसं आहेत. उत्तर सोलापूर तालुका, नान्नजपासून फार लांब नाही, एवढं पुरे. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. थोडा गायरान, थोडा लोकांच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. त्या पोटखराब्यातल्या चार हेक्टर आणि वर बऱ्याच आर जागेत दगडखाण आणि खडी क्रशर टाकायचा प्रस्ताव आला. खाण खाजगी जागेत, पण हायवा, म्हणजे खडीचे मोठे ट्रक, जायचा रस्ता गायरानातून. म्हणून विषय ग्रामसभेपुढे. मला ही बातमी मामेभावानं फोनवर दिली, तीही आनंदाची म्हणून. त्याचा स्वतःचा टिपर आहे. "अक्का, काम दारात आलं, डिझेल वाचंल," म्हणाला.

चार हेक्टर आणि वर बरेच आर, हा आकडा उगाच नसतो. पाच हेक्टरच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. मोठी खाण तुकडे पाडून छोटी दाखवायची आणि मंजुरीच्या कटकटीतून सुटायचं, हा प्रकार देशभर इतका चालला होता की २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तेव्हापासून कागद वाढले. दर जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल करायचा, कुठं किती दगड, मुरूम, वाळू आहे ते त्यात लिहायचं, मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवायचा. नियम चांगला आहे. पण उन्हातान्हात मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसानं संकेतस्थळ कधी उघडायचं, हे नियमात नाही.

माळ बघायचा तर आधी खाली बसावं लागतं. उभं राहून दिसतो तो फक्त रंग. मे महिना संपत आलेला, एखादा वळीव पडून गेलेला, सकाळी सातच्या सुमाराला एखाद्या उंचवट्यावर बसून राहा. थोड्या वेळानं समोरच्या दगडावर एक सरडा चढतो. आधी नुसताच मातकट. मग पुढचे पाय ताठ करून छाती वर काढतो आणि गळ्याखालची घडी अशी काही उघडतो की निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग एकदम उन्हात येतात. दोन क्षण. घडी मिटते, सरडा पुन्हा मातकट. पलीकडच्या दगडावर दुसरा नर तेच करत असतो. दख्खनच्या माळांवरच्या या सरड्यांचा एक वेगळा गट शास्त्रज्ञांनी २०१६ साली निश्चित केला आणि त्याला शास्त्रीय नाव दिलं तेही 'सरडा'च. गावातल्या पोरांना हे सांगितलं तर ती हसून लोळली.

पाऊल टाकताना जपून टाकावं लागतं, कारण माळावरच्या पाखरांना झाडाची गरज नसते. धाविक नावाचा तांबूस, उंच पायांचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. काडी नाही, घरटं नाही, मुरमाचे खडे आणि अंडी यांत फरक करता येत नाही. माळटिटवीचं तेच. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. खोकड बिळात राहते. लांडगा ओढ्याच्या कडेच्या कपारीत पिल्लं घालतो. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या वंशशाखांपैकी एक आहे आणि त्याचं खरं घर जंगल नव्हे, हे असे उघडे माळ. थोडक्यात, इथं जे काही आहे ते जमिनीच्या वरच्या वीतभर थरात किंवा त्याच्या खाली आहे. खाण पहिल्यांदा काढते तोही हाच थर. कागदावर त्याला 'वरचे निरुपयोगी आवरण' म्हणतात.

त्याच्याखाली काय आहे हे गावाला पुस्तकाशिवाय माहीत आहे, कारण प्रत्येकानं विहीर खणलेली असते. हातभर माती, मग मुरूम, मग भेगांचा दगड, मग काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड वरून कुजत, भुगा होत मुरूम झालेला. आमच्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही धड वेळेवर नाही. जो पडतो त्यातलं विहिरीला मिळणारं पाणी मुख्यतः या मुरमात आणि खालच्या भेगांत साठतं. मुरूम म्हणजे विहिरीचं कणगं. ते उपसून रस्त्यावर अंथरलं की पुढच्या पावसाचं पाणी ठेवायचं कशात? आणि खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिच्याकडे ओढतं; मग खाणवाला पंप लावून ते ओढ्यात सोडतो, कारण त्याला पाणी नको असतं, दगड हवा असतो. माळाखालच्या शिवारात ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना हे सांगायला लागलं नाही.

मी मात्र सुरुवात पाखरांपासून केली होती. घरी जेवताना माळढोकाचं नाव काढलं आणि मामेभावानं भाकरी तशीच ठेवली. "अक्का, तू म्हणतीस ते खरं असंल. पण त्या पाखराचं नाव सभेत काढू नको. काढलंस की अख्खं गाव खाणीच्या बाजूनं उभारंल."

का, हे सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगायला हवं. १९७०च्या दशकात इथले पक्षीप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लोकांचं लक्ष वेधलं. दुष्काळी भागाच्या विकास कार्यक्रमात गवताचे काही पट्टे राखले गेले होते, गवत वाढलं तसा माळढोक तिथं रमला. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हाच्या सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून, क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचा. एवढ्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, पिकती शेतं आली, रस्ते आले. माळढोकाला लागणारं गवत या सगळ्याचा एक लहानसा भाग होतं, पण बंधनं सगळ्यांवर. जमिनीची खरेदी-विक्री अडायची, बिनशेती अडायची, रस्त्याचं काम निघालं की कुठला तरी कागद अडायचा. मुलीच्या लग्नाला एकर विकायला निघालेल्या बापाला जेव्हा 'पाखरामुळे होत नाही' असं उत्तर मिळतं, तेव्हा त्याच्या घरात तीन पिढ्या त्या पाखराबद्दल काय बोललं जाईल?

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून फेररचना झाली आणि अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. ते व्हायलाच हवं होतं. पण तोवर दोन्हीकडून नुकसान होऊन गेलं होतं. लोकांच्या मनातून पक्षी उतरला आणि माळावरूनही उतरला. वर्षाला एकच अंडं, तेही उघड्यावर. समोरचं नीट न दिसणारी नजर, त्यात वाटेत विजेच्या तारा. देशात आज दीडशेच्या आत माळढोक उरले असतील, बहुतेक राजस्थानात. आमच्याकडे एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी येते.

फेररचनेत जे माळ हद्दीबाहेर राहिले त्यांचं कायद्यानं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे, २०२३ साली सांगितलं: राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालणार नाही. उत्तम. पण त्या किलोमीटरच्या पलीकडे गेलं की माळ हा नुसता पोटखराबा. धाविकला आणि लांडग्याला हद्दीचे दगड वाचता येत नाहीत. आमचा माळ त्या किलोमीटरच्या बाहेरच पडतो.

मामेभावाचं दुसरं म्हणणं मला जास्त लागलं. "तुमच्या सरकारी लोकांनी तरी माळाला माळ ठेवलंय का?" यात तथ्य आहे. माळ उघडा दिसला की त्याला हिरवा करायची हौस सगळ्यांनाच येते. गवताच्या राखीव पट्ट्यांत ग्लिरिसिडियाची लागवड झाली, ती इतकी माजली की उघड्यावर वावरणाऱ्या पाखरांना नान्नजसारख्या ठिकाणीही जागा उरली नाही. वृक्षारोपणाचे खड्डे झाले, समतल चर झाले. पवन्या, मारवेल, कुसळी यांचं गवत म्हणजे काही नाहीच, असं समजून केलेली ही कामं. खाणवाला निदान तोंडावर सांगतो की मला दगड हवाय.

मला वाचनातून माहीत असलेली उदाहरणं सगळी मोठी होती. ओडिशातला नियमगिरी: न्यायालयाच्या आदेशानं २०१३ साली बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध आदिवासींनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. कर्नाटकातलं कुद्रेमुख: लोखंडाची खाण २००५च्या अखेरीला बंद झाली. चंद्रपूरचं लोहारा: ताडोबाजवळच्या वाघांच्या वाटेवरची कोळशाची खाण लोकांनी अडवली. पण तिथं डोंगराचा देव होता, सदाहरित जंगल होतं, वाघ होता. नियमगिरीला वनहक्क कायद्याचा आधार होता, आणि त्या कायद्यात मेंढपाळांच्या चराईच्या हक्कालाही जागा आहे, पण तो वनजमिनीसाठी. आमचा माळ ना वन, ना शेत. देव म्हणाल तर एका हिवराखाली शेंदूर फासलेला म्हसोबा आहे, तो काही प्रस्तावित जागेत येत नाही.

मग आमच्याकडे काय होतं? मेंढरं होती.

गावाबाहेर एक धनगर कुटुंब आहे, त्यातल्या म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणतात. पावसाळ्यात त्यांची मेंढरं याच माळावर. सुगी झाली की रानं मोकळी होतात, मग शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडी आणि मूत मिळतं, बदल्यात तात्यांना धान्य किंवा पैसे. नान्नजच्या बाजूला द्राक्षबागा आहेत, 'सोनाका' ही जात तिथलीच. लेंडीखताला बागायतदारांकडून मागणी असते. म्हणजे माळावरचं गवत मेंढराच्या पोटातून बागेत उतरतं. हा हिशोब मी कुठल्याच अहवालात पाहिला नाही. खाण आली तर किती ब्रास दगड निघेल, किती स्वामित्वधन मिळेल, हे प्रस्तावात लिहिलेलं होतं. माळ राहिला तर किती बागांना खत मिळतं, हे लिहायला रकानाच नव्हता.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. मी त्या गावची मतदार नाही, म्हणून मागं बायकांत बसले. आधी घरकुलाची यादी, मग पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, त्यावर भांडण, मग हा विषय. रोजगार मिळेल, ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळेल, शाळेला दोन खोल्या बांधून देतो, असं सांगून झालं. शाळेच्या खोल्यांवर टाळ्या पडल्या. तात्या उठले. "रस्ता गायरानातनं गेला तर मेंढरं कुठनं चढायची?" एवढंच बोलले आणि उभेच राहिले. कुणीतरी म्हणालं, मेंढरं काय, दुसरीकडनं जातील. तात्या बसेनात.

तेवढ्यात एक द्राक्षवाला बोलला. वयानं पस्तिशीतला, हातात मोबाइल. त्यानं माळाचं नावही घेतलं नाही. क्रशर माळावर, वारा पश्चिमेचा, माझी बाग पूर्वेला, घडावर धूळ बसली तर व्यापारी दर किती पाडणार, सांगा. आणि सुरुंगानं शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद फाटला तर? मग विहिरीवाले उठले. त्यानंतर अर्धा तास जो गोंगाट झाला त्यात धाविक, लांडगा, सरडा कुणाचाच उल्लेख नव्हता. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पाखराच्या नावानं आखलेल्या ८,४९६ चौरस किलोमीटरच्या रेघेनं जे साधलं नाही, ते धुळीनं आणि लेंडीनं त्या संध्याकाळी साधलं. ज्यांचं पोट माळाशी बांधलंय त्यांना वगळून माळ राखता येत नाही, आणि आपण चाळीस वर्षं नेमकं त्यांनाच कुंपणाच्या पलीकडे उभं केलं.

ठरावाचा मजकूर लिहिताना ग्रामसेवकानं 'गायरानातून रस्ता देण्यास नकार' एवढंच लिहिलं. द्राक्षवाल्यानं 'धूळ' घालायला लावली. तात्यांनी 'मेंढरं' घालायला लावली आणि अंगठा उठवायच्या आधी ते नातवाकडून वाचून घेतलं. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात न्यायालयानं गायरानांवरची अतिक्रमणं काढायला सांगितली होती, त्याचा आधार घाला असं मी मागून सुचवलं. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, तेवढी जागा नाही रजिस्टरात." जागा होती. पण वाद घातला नाही.

प्रस्ताव मात्र टळलेला नाही. आता रस्ता गायरानाऐवजी दोन शेतकऱ्यांच्या बांधावरून न्यायची बोलणी चालू आहेत, त्यातल्या एकाला पैशाची निकड आहे आणि सगळ्या गावाला ते माहीत आहे. बांधावरून रस्ता मिळाला तर ग्रामसभेच्या नकाराला काय वजन राहील, हे कायद्याचा अभ्यास असलेल्या एका मैत्रिणीला विचारलंय. शेजारच्या गटातही तेवढ्याच क्षेत्राचा दुसरा अर्ज आला तर दोन्ही एकत्र धरून जनसुनावणी मागता येईल असं तिचं मत. म्हणजे खाणवाल्यानं हाव केली तर आमचा फायदा.

मामेभाऊ रागावलाय, आणि त्याचा राग मला पूर्ण मोडीत काढता येत नाही. त्याचं घराचं जोतं निम्मं भरून पडलंय. "मुरूम आणू नको, खडी आणू नको, मग जोत्यात काय पुस्तकं भरू?" म्हणतो. शहराच्या चारी बाजूंना महामार्ग रुंद झाले, त्यांच्याखाली कुठल्या ना कुठल्या गावचा माळ आहेच, आणि मी त्याच रस्त्यांवरून आजोळी जाते. मी त्याला म्हटलं, नवा माळ फोडायची गरज काय. शेततळी आणि विहिरी खणताना मुरूम निघतोच, आणि तालुक्यात आधीच उघडून अर्धवट सोडलेल्या खाणी कमी नाहीत. तो म्हणाला, लांब पडतं. मी म्हटलं, पडू दे लांब, त्याची किंमत दगडाच्या दरात धरा. तो म्हणाला, ती तू दे.

पण पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तालुक्यातल्या जुन्या खड्ड्यांची यादी. कुठला पाण्याखाली गेलाय, कुठल्यात दगड शिल्लक आहे, कुठं हायवा वळत नाही, सगळं. टिपर चालवणाऱ्यालाच हे ठाऊक असतं. जिल्ह्याच्या सर्वेक्षण अहवालात यातले निम्मे नसतील. अहवालाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकत म्हणून हीच यादी जोडायची, नाव मात्र त्याचं घालायचं नाही, ही अट. एका खड्ड्यापुढे त्यानं लिहिलंय, 'धा वर्सं पुरंल'. तो कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, ते तुझं तू काढ.